मोंतेवेर्देच्या मेघवनात जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोस्टा रिकाच्या वायव्य भागात तिलारान नावाची डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून साधारण १,४०० ते १,८०० मीटरवर मोंतेवेर्देचं जंगल पसरलंय. राहायचं ते सांता एलेना या छोट्या गावात किंवा तिथून राखीव वनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. महाराष्ट्रातून जाणारे आणि अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

मेघवन म्हणजे काय? साध्या पावसाळी जंगलापेक्षा वेगळं कसं?

कॅरिबियन समुद्रावरून ईशान्येचे व्यापारी वारे बाष्प घेऊन येतात आणि वाटेत तिलारानची रांग आडवी येते. वारा डोंगर चढतो, हवा गार होते आणि ढग थेट झाडांच्या शेंड्यांवर येऊन टेकतो. पाऊस नसतानाही पानं आणि शेवाळ ढगातलं पाणी धरतात आणि ते दिवसभर टपकत राहतं. जुलैत आंबोलीच्या धुक्यात उभं राहिलेल्यांना हे लगेच कळेल. आपल्याकडे हा चार महिन्यांचा मामला असतो, इथे वर्षातला बहुतेक काळ असंच चालतं.

आत गेल्यावर प्राणी शोधायच्या आधी एखादी फांदी नीट पाहा. मनगटाएवढी फांदी शेवाळाने मांडीएवढी जाड झालेली दिसेल. त्या शेवाळात पानं कुजून खरीखुरी माती तयार होते, जमिनीपासून वीस-पंचवीस मीटर उंच. तिच्यात नेचे उगवतात, नखाएवढ्या फुलांची ऑर्किडं उगवतात आणि अननसाच्या कुळातली ब्रोमेलियाडं उगवतात. ब्रोमेलियाडच्या पानांच्या पेल्यात पाणी साचतं आणि त्यात कीटकांच्या अळ्या वाढतात. काही झाडं तर स्वतःच्याच फांदीतून मुळं फोडून ही वरची माती शोषतात. असं घडतं हे नलिनी नाडकर्णी या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये जगासमोर मांडलं. आडनावावरून ओळखलंच असेल, त्यांचे वडील भारतीय. मोंतेवेर्देच्या झाडांवर दोर बांधून चढत त्यांनी अनेक वर्षं संशोधन केलं. फांदीवरचं शेवाळ एकदा खरवडलं तर पुन्हा भरून यायला दशकं लागतात, म्हणून हात लावून पाहायचा मोह आवरा.

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम आणि मे ते नोव्हेंबर पावसाचा, असं सगळीकडे छापलेलं असतं. देशाच्या सखल भागासाठी ते ठीक आहे, पण मोंतेवेर्देत डिसेंबर-जानेवारी म्हणजे सोसाट्याचा वारा आणि आडवी येणारी बारीक भुरभुर. छत्री पाच मिनिटांत उलटते. “कोरडा हंगाम” वाचून फक्त टी-शर्ट घेऊन आलेले लोक इथे कुडकुडतात.

आमच्या मते सर्वांत चांगला काळ मार्च आणि एप्रिल. वारा पडलेला असतो, केत्साल या लांब शेपटीच्या हिरव्या पक्ष्यांची वीण चालू असते आणि घंटापक्षीही आलेला असतो. फक्त ईस्टरच्या आधीचा आठवडा टाळा, तेव्हा सारा देश सुट्टीवर असतो आणि खोली मिळत नाही. दुसरी पसंती मे-जून किंवा जुलै. तेव्हा सकाळ बहुधा उघडी असते आणि पाऊस दुपारनंतर येतो, म्हणून जंगलफेरी सकाळी उरकायची. सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत ओले. खोल्या स्वस्त मिळतात, पण दरडींमुळे रस्ते अडू शकतात.

पोहोचायचं कसं?

सान होसेचा विमानतळ खरं तर आलाहुएला शहराजवळ आहे. तिथून मोंतेवेर्दे साधारण १४० किलोमीटर, पण वेळ साडेतीन ते चार तास धरा. लिबेरिया विमानतळावरून अडीच-तीन तास. पूर्वी शेवटचा टप्पा खडकाळ होता. आता महामार्गावरून ६०६ क्रमांकाचा रस्ता गावापर्यंत पक्का झालाय, तरी वळणं घाटाचीच आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी महामार्ग सोडायच्या अर्धा तास आधी घ्यावी.

सान होसेहून सार्वजनिक बसही आहे. ती सात-दहा नावाच्या स्थानकातून सुटते आणि साडेचार-पाच तास घेते. दिवसाला मोजक्याच फेऱ्या असल्याने तिकीट आदल्या दिवशी काढा. पासपोर्ट आणि पैशांची पिशवी वरच्या फळीवर ठेवू नका, मांडीवर घ्या.

आरेनाल ज्वालामुखीजवळच्या ला फोर्तुना गावाहून येणार असाल तर नकाशा फसवतो. सरळ रेषेत अंतर थोडंच आहे, पण मध्ये तलाव आहे आणि रस्ता त्याला पूर्ण वळसा घालून तिलारान गावावरून येतो, त्यातला बराच भाग कच्चा. त्यापेक्षा “ताक्सी-बोते-ताक्सी” घ्या: व्हॅनने तलावापर्यंत, होडीने पलीकडे, पुन्हा व्हॅनने वर. सगळं मिळून तीन-साडेतीन तास. होडीत सामान उघड्यावर येऊ शकतं, म्हणून कॅमेरा आणि औषधं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जवळ ठेवा.

स्वतः गाडी चालवावी का?

चालवता येते. भारतातला परवाना इंग्रजीत असेल तर पर्यटक म्हणून मुक्कामाच्या काळात चालतो, सोबत मूळ पासपोर्ट हवा. दोन गोष्टी लोकांना महागात पडतात. पहिली म्हणजे, संकेतस्थळावर दिसणाऱ्या भाड्यात सक्तीचा तृतीय पक्ष विमा धरलेला नसतो. तो काउंटरवर जोडला जातो आणि क्रेडिट कार्डाच्या विम्याने तो टळत नाही. दुसरी म्हणजे उशिरा निघणं. इथे वर्षभर संध्याकाळी साडेपाच-सहाला अंधार पडतो आणि त्याच वेळी घाटात ढग उतरतो. रस्त्याच्या कडेला पांढरी पट्टी प्रत्येक ठिकाणी नाही. दुपारी दोननंतर विमानतळावर उतरत असाल तर त्या रात्री आलाहुएलातच राहा.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

लागतो. मात्र पासपोर्टवर अमेरिकेचा वैध, बहुप्रवेश व्हिसा असेल तर कोस्टा रिकाचा वेगळा काढावा लागत नाही. परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट मागतात, छापील प्रत जवळ ठेवा. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी नवी दिल्लीतल्या कोस्टा रिकाच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या.

पीतज्वराच्या लसीबाबत एक बारीक मुद्दा सुटतो. भारतातून थेट गेल्यास कोस्टा रिका ती मागत नाही. पेरू, ब्राझील, कोलंबिया असे देश करून आलात तर मागतं, आणि लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. परतीचाही विचार करा: भारताच्या पीतज्वर यादीत पनामा आहे. कोस्टा रिकाला जोडून पनामा फिरून लगेच मुंबईत उतरलात आणि प्रमाणपत्र नसेल, तर विलगीकरणात ठेवू शकतात.

किती दिवस ठेवावेत?

तीन रात्री. एक सकाळ ढगात गेली तरी दुसरी हाती राहते. एका दिवसात “करून” जाणाऱ्यांना पांढरा पडदा तेवढा दिसतो.

राखीव वनं चार-पाच आहेत. कोणतं निवडावं?

मोंतेवेर्दे जैविक राखीव वन हे सर्वांत प्रसिद्ध. १९७२ मध्ये जॉर्ज पॉवेल हा तरुण पक्षीसंशोधक आणि विल्फर्ड गिंडन हा स्थानिक शेतकरी यांच्या खटपटीतून ते उभं राहिलं. ते एक बिगरसरकारी विज्ञान संस्था चालवते. इथे ‘बोस्के नुबोसो’ या पायवाटेने वर चढून ‘ला व्हेंताना’ या टोकावर जा. तिथे तुम्ही खंडाच्या पाणलोट रेषेवर उभे असता: एका बाजूचं पाणी प्रशांत महासागराला जातं, दुसऱ्या बाजूचं कॅरिबियन समुद्राला. वारा इतका असतो की झाडं खुजी राहिली आहेत. झुलता पूल दुसऱ्या वाटेवर आहे.

सांता एलेना राखीव वन जास्त उंचावर, जास्त ओलं आणि कमी गर्दीचं. सुमारे ३१० हेक्टरचं हे वन १९९२ पासून गावातल्या माध्यमिक शाळेच्या वतीने चालतं आणि तिकिटाचा पैसा शिक्षणाला जातो. शेवाळ आणि नेचे पाहायचे तर इथे या.

कुरी-कांचा हे लहान आहे, अर्धं जंगल आणि अर्धं जुनं कुरण. उघडीक असल्याने पक्षी दिसायला हेच सर्वांत सोपं, आणि गुडघे दुखणाऱ्यांनाही इथल्या वाटा झेपतात. एकच वन पाहता येणार असेल आणि केत्साल हवा असेल तर इथे जा.

‘बोस्के एतेर्नो दे लोस निन्योस’ म्हणजे मुलांचं चिरंतन वन. १९८७ मध्ये स्वीडनच्या एका छोट्या शाळेतल्या मुलांनी जंगल विकत घेण्यासाठी पैसे जमवायला सुरुवात केली, मग इतर देशांतली मुलंही सामील झाली. आज हे २२,००० हेक्टरांहून मोठं, देशातलं सर्वांत मोठं खासगी राखीव वन आहे. गावाजवळचा त्याचा भाग म्हणजे बाखो देल तिग्रे. तो खाली असल्याने ढग कमी आणि झाडी वेगळी. लहान मुलांसोबत संध्याकाळच्या फेरीला उत्तम.

मार्गदर्शक घ्यायलाच हवा का?

पहिल्या सकाळी घ्याच. मेघवनात प्राणी समोर येऊन उभे राहत नाहीत. मार्गदर्शक खांद्यावर दुर्बीण आणि तिवई घेऊन फिरतो, आवाज ओळखतो आणि काल कोणत्या झाडाला फळं होती हे त्याला ठाऊक असतं. कोस्टा रिकाच्या पर्यटन संस्थेचं ओळखपत्र गळ्यात आहे का ते पाहा. रस्त्यात गाठून “स्वस्तात नेतो” म्हणणाऱ्यांना नको म्हणा. फेरी सकाळी साडेसातच्या सुमारास सुरू होते आणि अडीच-तीन तास चालते. दुसऱ्या दिवशी तीच वाट एकट्याने, सावकाश चाला. आदल्या दिवशी निसटलेलं बरंच काही तेव्हा दिसतं.

केत्साल नक्की दिसेल का?

मार्च ते मे या काळात, मार्गदर्शकासोबत दोन सकाळी दिल्यात तर शक्यता चांगली. ऑगस्टनंतर शक्यता फार कमी होते, कारण विणीनंतर पक्षी फळांच्या मागे डोंगराच्या दोन्ही उतारांवर खाली सरकतात.

केत्साल शोधायचा म्हणजे आधी झाड शोधायचं. त्याचं मुख्य खाणं आग्वाकातियो, म्हणजे जंगली अव्होकाडोची छोटी फळं, आपल्या जांभळाच्या आसपास आकाराची. पक्षी फांदीवरून झेपावतो, हवेतल्या हवेत फळ तोडतो, परत बसतो आणि अख्खं गिळतो. मग वीस-तीस मिनिटं हालचाल नाही. गर पचला की बाठा ओकून टाकतो आणि पुढचं फळ. झाडाखाली ताजे, स्वच्छ बाठे पडलेले दिसले तर तिथेच थांबा.

हा ट्रोगॉन कुळातला पक्षी. कोकण-गोव्याच्या जंगलात मलबार ट्रोगॉन पाहिलेल्यांना त्याची खोड माहीत असेल: पाठ आपल्याकडे करून, मान तेवढी सावकाश फिरवत बसायचं. केत्सालची पाठ हिरव्या पानांत हिरवीच, म्हणून दहा मीटरवरचाही सुटतो. शोधायची ती शेपटीवरून लोंबणारी पिसं. नराची ही पिसं अर्ध्या मीटरहून लांब असतात आणि वाऱ्यावर फितीसारखी हलतात. घरटं कुजक्या खोडाच्या ढोलीत. नर-मादी दोघंही अंडी उबवतात, आणि नर आत बसला की त्याच्या शेपटीची टोकं भोकातून बाहेर डोकावतात. घरट्यापाशी मार्गदर्शक आखतो त्या अंतराच्या आत जाऊ नका आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. वीण मोडते.

आणखी काय दिसतं?

घंटापक्षी आधी ऐकू येतो. नराच्या चोचीपाशी तीन काळे लोंबते तुकडे असतात आणि त्याचा ‘बॉंक’ असा ठोका अर्धा किलोमीटर दूरही पोहोचतो. गुंजनपक्षी फुलांवर भरपूर. आपल्या शिंजीरासारखे वाटले तरी कूळ वेगळं आहे, आशियात गुंजनपक्षी नाहीतच. त्यांतला जांभळा, मोठा, शेपटीला पांढरे ठिपके असलेला दिसला की थांबून पाहा, देशातला सर्वांत मोठा तोच. वाटेवर शेपटी उभी करून हुंगत फिरणारा कोआती इथे ‘पिसोते’, आणि सशाएवढा, तपकिरी, बिनशेपटीसारखा दिसणारा आगुती म्हणजे ‘ग्वातुसा’. पांढऱ्या तोंडाची माकडं आणि हाउलर माकडं दोन्ही आहेत.

स्लॉथ, म्हणजे फांदीला उलटा लटकणारा अतिसंथ प्राणी, रात्रीच्या फेरीत पाहा. या उंचीवर दिसतो तो दोन बोटांचा, आणि तो रात्री जागा असतो. त्याच फेरीत टॅरंटुला कोळी, झोपलेले मोठ्या चोचीचे टूकन पक्षी आणि फांदीवर वेटोळं घालून बसलेला हिरवा, झाडावर राहणारा, घोणसाच्या कुळातला विषारी साप दिसू शकतो. म्हणूनच अंधारात कठड्याला, वेलीला हात टेकवायचा नाही. जग्वार आहेत, पण दिसण्याची आशा धरू नका.

सोनेरी बेडूक अजून आहे का?

नाही. हा बेडूक (इंग्रजीत ‘गोल्डन टोड’) मोंतेवेर्देच्या माथ्यावरच्या काही चौरस किलोमीटरांतच होता, जगात इतरत्र कुठेच नाही. नर झळाळत्या नारिंगी रंगाचे. पहिल्या पावसाच्या सुमारास मुळांमधल्या डबक्यांत ते शेकड्यांनी जमत. १९८७ मध्ये पंधराशेहून अधिक मोजले गेले. १९८८ मध्ये त्याच मुख्य जागी एकच नर. १५ मे १९८९ ला शेवटचा दिसला, आणि २००४ मध्ये तो नामशेष जाहीर झाला. त्वचेला जडणारी कायट्रिड बुरशी आणि त्या वर्षांतला असाधारण कोरडा, उष्ण काळ ही कारणं सांगितली जातात. १९७० च्या दशकापासून कोरड्या हंगामात धुकं नसलेले दिवस वाढत गेल्याचं इथल्या नोंदी दाखवतात, आणि पूर्वी खालच्या जंगलात राहणारे रंगीत चोचीचे टूकन आता केत्सालच्या शेजारी घरटी करतात. टूकन इतर पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातात. गावातल्या भिंतींवर नारिंगी बेडकाची चित्रं दिसली की ती कुणाची हे आता कळेल.

कपडे, बूट काय न्यावेत?

तापमान साधारण १४ ते २५ अंश, पण ओल आणि वारा यामुळे थंडी जास्त वाटते. जीन्स नेऊ नका. भिजली की तीन दिवस वाळत नाही. लवकर वाळणाऱ्या दोन पॅंट, पूर्ण बाह्यांचे शर्ट, एक लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि टोपीचं पातळ रेनकोट जॅकेट. मोजे रोजचे दोन जोड. बुटांना खोल खाचा असलेला तळ हवा. रबरी गमबूट भाड्याने मिळतात, पण मोठ्या मापांची खात्री नसते. सह्याद्रीतल्यासारख्या पायाला चिकटणाऱ्या जळवा इथे नाहीत. कुरणातून चाललात तर गोचीड पाहा. डास या उंचीवर कमी, मात्र किनाऱ्यावर जाणार असाल तर डेंग्यूसाठी मलम हवंच.

शाकाहारी माणसाचं खाण्याचं काय?

उपाशी राहणार नाही, पण विचारावं लागतं. न्याहारीला गायो पिंतो, म्हणजे काळ्या घेवड्यासोबत परतलेला भात. दुपारी कासादो: भात, घेवडा, कोबीची कोशिंबीर, तळलेलं पिकलं केळं, एखादी भाजी आणि मांस. मांसाऐवजी अंडं किंवा चीज मागता येतं. खरी अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची: घेवडा कधी डुकराच्या चरबीत परततात आणि भातात कोंबडीच्या अर्काची मसालावडी टाकतात. शिवाय ‘कार्ने’ म्हणजे बहुधा गोमांस. “कार्ने नको” म्हटलं की कोंबडी किंवा हॅम येऊ शकतं.

म्हणून हे पूर्ण स्पॅनिश वाक्य पाठ करा (मी शाकाहारी आहे; मांस, कोंबडी, मासे, हॅम खात नाही): “सोय वेखेतारियाना. नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि खामोन.” पुरुषांनी ‘वेखेतारियानो’ म्हणावं. मग “सिन मान्तेका, सिन कोन्सोमे” (चरबी नको, मसालावडी नको) जोडा. ‘सोदा’ नावाच्या घरगुती खानावळींत मालकीणच स्वयंपाक करत असते, ती नीट उत्तर देते. जैन मंडळींनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी.

‘तापा दे दुल्से’ नक्की घ्या. ही गुळाची ढेपच: उसाचा रस काहिलीत आटवून लाकडी साच्यात ओततात. ती गरम पाण्यात विरघळवली की ‘आग्वा दुल्से’. उसाच्या जुन्या चरकाला ‘त्रापिचे’ म्हणतात आणि काही शेतांवर बैलांनी फिरवून दाखवतात. कोल्हापूरकडच्या माणसाला वासानेच ओळख पटेल.

कॉफीची शेतं पाहण्यासारखी आहेत का?

आहेत, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या तोडणीत. लाल फळं हाताने वेचून कमरेच्या टोपलीत टाकतात आणि मजुरी ‘काखुएला’ या २० लिटरच्या मापावर मिळते. कॉफी ‘चोरेआदोर’वर गाळलेली प्या: लाकडी घोडीवर कापडी पिशवी टांगलेली असते, त्यात पूड, वरून गरम पाण्याची बारीक धार. साबणाने ती पिशवी धूत नाहीत, नाहीतर पुढच्या कपाला वास येतो.

मोंतेवेर्दे हे नाव आणि इथली माणसं?

इथे आधीपासून कोस्टा रिकन शेतकरी कुटुंबं होती. १९५१ च्या सुमारास अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातून क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाची काही कुटुंबं, सुमारे ४४ माणसं, आली. सक्तीच्या लष्करी नोंदणीला नकार दिल्याबद्दल त्यांच्यातल्या चौघांना तुरुंगवास झाला होता. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये सैन्य बरखास्त केलं होतं, म्हणून त्यांनी हा देश निवडला. ‘हिरवा डोंगर’ या अर्थाचं नाव त्यांनीच दिलं. दूध घाट उतरून विकायला नेईपर्यंत नासायचं, म्हणून त्यांनी चीज करायला घेतलं. ओढ्यांच्या उगमावरचं साडेपाचशे हेक्टर जंगल मात्र तोडायचं नाही असं ठरवलं. पुढच्या सगळ्या राखीव वनांचं मूळ त्या निर्णयात आहे. त्यांची मौन प्रार्थनासभा पाहुण्यांना खुली असते. वेळेवर जावं, फोन बंद ठेवावा, शांत बसावं. १९८२ मध्ये आठ बायकांनी सुरू केलेल्या ‘कासेम’ या हस्तकला सहकारी संस्थेचं दुकानही तिथल्याच रस्त्यावर आहे.

लोक स्वतःला ‘तिको’ म्हणवतात. ते एकमेकांना, कधी कधी मुलांनाही, ‘उस्तेद’ म्हणजे अहो-जाहो करतात. दुकानात शिरताच “बुएनास” म्हणा. आभार मानल्यावर “कोन मुचो गुस्तो” हे उत्तर मिळतं. खानावळीच्या बिलात १३ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क आधीच असतं. वेगळी बक्षिसी मार्गदर्शकाला द्या.

वीज, पाणी, वेळ?

वीज १२० व्होल्ट, प्लग अमेरिकेसारखा चपट्या पात्यांचा. मोबाइलचा चार्जर चालतो, भारतातली इलेक्ट्रिक किटली नीट तापत नाही. नळाचं पाणी पिता येतं. शौचालयातला कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा, नळ्या अरुंद आहेत. घड्याळ भारताच्या साडेअकरा तास मागे. अडचणीत ९११.

फोटो धुरकट येतात. काय चुकतं?

बहुधा भिंग गार आणि हवा दमट. एसी लावलेल्या गार गाडीतून किंवा खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका. पिशवीतच ठेवून बाहेर पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, मग उघडा. भिंगावर बाष्प आलं तर रुमालाने पुसू नका, फुंकर तर मुळीच नको. पिशवीत सिलिका जेलची पुडकी ठेवा आणि रात्री कॅमेरा त्यांच्यासोबत बंद डब्यात. जंगल अंधारं असतं, म्हणून आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत जाऊ द्या. फ्लॅश पक्ष्यांवर वापरू नका. ढगापुढे बसलेला पक्षी काळा येतो, तेव्हा उजेडाची भरपाई एक ते दीड पायरी वाढवा. दुर्बीण ८×४२ ची घ्या, दहापटीच्या दुर्बिणीत धुक्यात हात हलतो आणि उजेडही कमी पडतो.